हंगामाची शेवटची रात्र

वाचकहो, खेळ पाहणारा माणूस हा मोठा विलक्षण प्राणी आहे. मैदानावर त्याचे काहीएक चालत नाही. तो चेंडू टाकीत नाही, फटका मारीत नाही, कर्णधाराच्या कानाशी लागून सल्लाही देऊ शकत नाही. आणि तरीसुद्धा पराभवाची झळ त्याला खेळाडूइतकीच, किंबहुना कधी कधी खेळाडूहूनही अधिक, लागते. खेळाडूला निदान पुढच्या सामन्यात भरपाई करण्याची संधी असते. रसिकाच्या हाती वाट पाहणे तेवढे उरते. आपल्यापैकी ज्यांनी आयपीएलच्या साखळीचे शेवटचे दोन-तीन दिवस कागद-पेन्सिल घेऊन काढले असतील, अमुक संघ हरला आणि तमुक संघ इतक्या धावांनी जिंकला तर आपला संघ पुढे जाईल अशी गणिते मांडली असतील, त्यांना या अवस्थेची पुरेपूर ओळख असेल.

या वेळी या सदरात अशाच एका रात्रीची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. ती क्रिकेटची नसून बेसबॉलची आहे आणि घडली ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, २८ सप्टेंबर २०११ रोजी. त्या रात्री कोण जिंकले आणि कोण हरले, हे आज पुष्कळांच्या स्मरणातूनही गेले असेल. परंतु ज्याला स्वतःला मिळवण्यासारखे काही उरलेले नाही त्याने कसे खेळावे, हा जो प्रश्न त्या रात्री उभा राहिला, तो मात्र अजून जुना झालेला नाही.

प्रथम खेळाविषयी थोडे. आपल्याकडे अनेक शाळांत मुले-मुली सॉफ्टबॉल खेळतात. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ म्हणावयास हरकत नाही. मैदानावरील एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात, आणि फलंदाज जेथे उभा राहतो त्या ठाण्याला ‘होम प्लेट’. चेंडू फेकणाऱ्या गड्याला ‘पिचर’ असे नाव आहे. फलंदाज फटका मारून धावत सुटतो आणि सर्व ठाणी फिरून पुन्हा होम प्लेटला पोहोचला की एक धाव होते. तीन स्ट्राइक पडले की फलंदाज बाद. तीन गडी बाद झाले की डाव संपला. आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो ‘होम रन’: फलंदाज आणि ठाण्यांवर उभे असलेले त्याचे सर्व सोबती निर्वेधपणे घरी येतात. यजमान संघ प्रत्येक डावात मागाहून फलंदाजी करतो आणि शेवटच्या डावात त्याने आघाडी घेताच खेळ तेथेच थांबतो. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. घड्याळाकडे पाहून सामना संपवण्याची या खेळात सोय नाही.

या खेळाच्या मुख्य स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. वसंत ऋतूच्या आरंभापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सुमारे सहा महिने हे सत्र चालते आणि बहुतेक रोज सामना असतो. त्यामुळे तेथील घरांत बेसबॉल सणासारखा येत नाही, तो रोजच्या स्वयंपाकासारखा असतो. कोणी कामे करता करता रेडिओवर ऐकतो, कोणी झोपण्यापूर्वी निकाल पाहतो. एका पराभवाने आभाळ कोसळत नाही, कारण उद्या पुन्हा सामना आहेच. २०११ साली प्रत्येक लीगमधून चार संघ अंतिम फेऱ्यांसाठी निवडले जात. तीन गटांचे तीन विजेते, आणि उरलेल्या सर्व संघांतून ज्याचे विजय सर्वाधिक असा एक. या चौथ्या जागेला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. आपली हकीकत अमेरिकन लीगमधील याच चौथ्या जागेची आहे.

आता आपण क्षणभर बोस्टनचे रहिवासी आहोत असे समजा. आपला संघ रेड सॉक्स. त्याचे मैदान फेनवे पार्क हे १९१२ सालचे, आणि घरातील तीन पिढ्या तेथे जाऊन बसलेल्या. या संघाने १९१८ साली अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर तब्बल ८६ वर्षे त्याला ते पुन्हा लाभले नाही. दरम्यान बेब रूथसारखा खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकी संघाला विकण्यात आला आणि तो संघ मात्र एकामागून एक अजिंक्यपदे मिळवीत गेला. १९७८ साली यँकींवरची १४ सामन्यांची आघाडी गमावून, अखेरच्या निर्णायक सामन्यात त्यांच्याकडूनच ५-४ असा पराभव पत्करण्याची पाळी आली. सुदैवाने २००४ साली हे ग्रहण सुटले आणि २००७ साली पुन्हा विजय मिळाला. तथापि ज्या घरात एवढी वर्षे दुष्काळ होता, त्या घरातील माणसे सुकाळातही कणगीत डोकावून पाहिल्यावाचून झोपत नाहीत. बोस्टनच्या रसिकाचा स्वभाव हा असा बनलेला आहे.

२०११ च्या हंगामाची सुरुवात मोठ्या अपेक्षेने झाली. टॅम्पा बे संघात नऊ हंगाम खेळलेला कार्ल क्रॉफर्ड हा नामवंत क्षेत्ररक्षक सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर देऊन बोस्टनने आणला होता. प्रत्यक्षात पहिल्या १२ सामन्यांपैकी १० गमावले. मग संघ सावरला, आणि ऑगस्ट संपला तेव्हा त्याचे ८३ विजय आणि ५२ पराभव झाले होते. ३ सप्टेंबर रोजी टॅम्पा बेवर त्याची ९ सामन्यांची आघाडी होती. सप्टेंबर महिन्यात एवढी आघाडी असलेला संघ बाहेर फेकला गेल्याचे तोपर्यंत एकही उदाहरण नव्हते. आपण निश्चिंत झालात, ऑक्टोबरचे बेत आखू लागलात, तर त्यात आपले काय चुकले?

आणि मग गळती लागली. प्रथम ती कोणाच्या ध्यानात येत नाही. छपरातून एखादा थेंब पडावा तसा एक सामना जातो, मग दुसरा. महिन्यातील पहिल्या २६ सामन्यांत संघाने केवळ ७ जिंकले. तिकडे टॅम्पा बे रेज हा संघ वर चढत होता. १९९८ साली स्थापन झालेला, खर्चाची ऐपत बेताची, आणि पहिल्या दहा वर्षांत बहुतेक तळाशीच राहिलेला असा हा संघ. शेवटच्या दिवसाची सकाळ उजाडली तेव्हा दोघांचेही ९० विजय आणि ७१ पराभव झाले होते. सहा महिन्यांच्या हिशेबाची बाकी शून्य आली होती.

त्या सकाळी आपण मांडलेले गणित साधे होते. बोस्टनचा सामना बाल्टिमोर येथे, टॅम्पा बेचा फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे यँकींशी. दोघेही जिंकले किंवा दोघेही हरले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यातच एक निर्णायक सामना. एक जिंकला आणि एक हरला तर आजच निवाडा. म्हणजे आपल्या संघाने जिंकावे आणि त्याच वेळी यँकींनीही जिंकावे, अशी इच्छा आपल्याला धरावी लागणार होती. ज्या यँकींच्या पराभवासाठी आपल्या आजोबांनी जन्मभर नवस केले, त्यांच्याच विजयासाठी त्यांच्या नातवाने देव पाण्यात घालून बसावे, हा प्रसंग गमतीचा खरा. परंतु त्या रात्री बोस्टनमध्ये तो कोणाला हसू आणणारा वाटला नाही.

बाल्टिमोरचा ओरिओल्स संघ गटात तळाला होता. १९९८ पासून सलग चौदा हंगाम त्याचे पराभव विजयांपेक्षा अधिक होते. तो सामना जिंकून त्याची जागा बदलणार नव्हती आणि हरून तो आणखी खाली जाणार नव्हता. अमेरिकेतील या स्पर्धेत तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत नाही. उलट ज्याची कामगिरी वाईट, त्याला तेव्हा पुढील वर्षी नवोदित खेळाडू निवडताना अगोदरचा क्रमांक मिळत असे. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर बाल्टिमोरला हरण्यातच थोडा लाभ होता. आपण, बोस्टनचे रसिक, याच विचाराने थोडे निर्धास्त होतो. मिळवण्यासारखे ज्याला काही नाही तो जीव तोडून कशाला खेळेल, असा आपला तर्क.

खेळ सुरू झाला. पाचव्या डावात डस्टिन पेड्रोइयाने होम रन मारून बोस्टनला ३-२ अशी आघाडी मिळवून दिली. सातव्या डावात पाऊस आला आणि मैदानावर ताडपत्री पसरली गेली. तिकडे सेंट पीटर्सबर्गचे मैदान छताखाली असल्याने तेथे खेळ चालूच होता आणि यँकी ७-० असे पुढे होते. आपला संघ आघाडीवर, प्रतिस्पर्धी सात धावांनी मागे. अशा वेळी पावसाचा आवाजसुद्धा गोड वाटतो. मनाशी ठरून गेले, की फार तर एक सामना उद्या खेळावा लागेल, कदाचित तोही लागणार नाही.

पावसाने खेळ १ तास २६ मिनिटे थांबला, आणि तेवढ्या अवधीत तिकडचे चित्र पार पालटले. आठव्या डावात टॅम्पा बेने सहा धावा काढल्या. त्यांपैकी तीन इव्हान लोंगोरियाच्या होम रनने आल्या. ७-६. नवव्या डावात दोन गडी बाद झाले, तिसऱ्यावर दोन स्ट्राइक पडले, आता एकच चेंडू उरला, असे म्हणेपर्यंत डॅन जॉन्सन या बदली फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे पाठवला. हंगामभर ज्याची बॅट जवळजवळ मुकीच राहिली होती, असा हा फलंदाज. ७-७. बोस्टनच्या घराघरांत पडद्यासमोर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि कोणी काही बोलले नाही. अशा वेळी रसिकाला प्रथम राग येत नाही. प्रथम येते ती एक जुनी, ओळखीची भीती.

पाऊस थांबला. बाल्टिमोरमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला. आठव्या आणि नवव्या डावांत आणखी एक-दोन धावा जोडण्याच्या संधी बोस्टनने वाया घालवल्या, तरी आघाडी ३-२ अशी शाबूत होती. बाल्टिमोरच्या शेवटच्या डावासाठी जोनाथन पॅपेलबॉन हा बोस्टनचा भरवशाचा पिचर आला. त्या हंगामात आठ डाव संपताना बोस्टनची आघाडी असलेले सामने ७७ झाले होते आणि ते सर्वच्या सर्व बोस्टनने जिंकले होते. पहिला फलंदाज बाद. दुसरा बाद. आणखी एकच गडी. आपण खुर्चीच्या काठावर आलात.

तिसरा फलंदाज ख्रिस डेव्हिस. त्याने उजव्या बाजूला फटका मारून दोन ठाणी घेतली. चौथा नोलन रायमोल्ड. त्याचा चेंडू टप्पा घेऊन कुंपणापलीकडे गेला आणि ३-३ अशी बरोबरी झाली. पाचवा रॉबर्ट आंडिनो. हा कोणी मोठा नावाजलेला खेळाडू नव्हे. त्याने डावीकडे एक खाली झुकत जाणारा फटका मारला. कार्ल क्रॉफर्ड पुढे धावत आला, जमिनीवर घसरत त्याने हात पुढे केला, चेंडू हातमोज्याला लागला आणि निसटला. रायमोल्ड होम प्लेटला पोहोचला. बाल्टिमोर ४, बोस्टन ३. मध्यरात्र उलटून दोन मिनिटे झाली होती. आपल्या भारतात तेव्हा गुरुवार सकाळचे ९ वाजून ३२ मिनिटे झाली होती आणि माणसे कचेरीच्या वाटेवर होती.

तरीही आशा सुटली नव्हती. यँकी आणि टॅम्पा बे यांची बरोबरी चालूच होती. यँकी जिंकले असते तर उद्या निर्णायक सामना झाला असता. रसिकाचे मन किती चिवट असते पाहा: डोळ्यांसमोर आपला संघ मान खाली घालून मैदान सोडीत आहे, आणि मन मात्र उद्याच्या सामन्यात पिचर कोण, याचा विचार करू लागले आहे. ही आशा सुमारे तीन मिनिटे टिकली. बाराव्या डावात लोंगोरियाने डाव्या कोपऱ्यातील ठेंगण्या कुंपणावरून आणखी एक होम रन मारला. टॅम्पा बे ८, यँकी ७. हंगाम संपला.

वाचकहो, येथपर्यंत घटना झाल्या. रसिकाचे खरे काम येथून पुढे सुरू होते, आणि ते म्हणजे दोष कोणाला द्यावा हे ठरवणे.

पहिला आरोपी सहज सापडतो, तो म्हणजे न्यूयॉर्क. यँकींनी गटाचे विजेतेपद अगोदरच निश्चित केले होते आणि दोनच दिवसांनी त्यांच्या अंतिम फेऱ्या सुरू व्हावयाच्या होत्या. म्हणून त्यांनी आपल्या महत्त्वाच्या पिचरांना विश्रांती दिली. मारियानो रिव्हेरा, ज्याने त्याच महिन्यात सामना राखण्याचा ६०२ वेळांचा विक्रम केला होता, तो त्या रात्री चेंडू फेकण्यास आलाच नाही. सात धावांची आघाडी दुय्यम पिचरांच्या हाती सोपवली गेली. ‘त्यांनी मुद्दामच केले’, हे वाक्य त्या रात्री बोस्टनमध्ये किती ओठांवर आले असेल! परंतु थंड डोक्याने पाहिले तर यँकींचे पहिले कर्तव्य त्यांच्या स्वतःच्या पुढील सामन्याशी होते. ते बारा डाव खेळले, मैदान सोडून गेले नाहीत. शेजाऱ्याने आपले धान्य राखून ठेवले म्हणून आपल्या घरी चूल पेटली नाही, अशी तक्रार करता येत नाही.

दुसरा आरोपी क्रॉफर्ड. ज्या संघातून तो आला, त्याच संघाचा मार्ग त्याच्या हातून निसटलेल्या चेंडूने मोकळा झाला, हा योगायोग असा, की कथेत लिहिला तर वाचक अविश्वासाने हसेल. तिसरा आरोपी पॅपेलबॉन, चौथा पाऊस. त्यानंतर बातम्या आल्या, की सामना चालू असताना काही पिचर आतल्या खोलीत कोंबडी खात आणि बिअर पीत बसत. मॅनेजर टेरी फ्रँकोना यांना दोन दिवसांतच जावे लागले.

या सर्व आरोपांत थोडे थोडे तथ्य असेल. पण कागद-पेन्सिल पुन्हा हाती घ्या. बोस्टनचे विजय ९० झाले, टॅम्पा बेचे ९१. एका सामन्याचे अंतर. तो एक सामना बाल्टिमोरच्या त्या पावसाळी रात्रीच गेला असे कोणी ठरवले? तो सप्टेंबरमधील वीस पराभवांपैकी कोणताही असू शकतो. तो आरंभीच्या पहिल्या बारांतील दहांपैकीही असू शकतो, ज्यांच्याविषयी तेव्हा आपण म्हणालो होतो, ‘चालायचेच, हंगाम फार मोठा आहे.’ हंगाम मोठा असतो खरा, पण तो लहान लहान दिवसांचाच बनलेला असतो. त्यांपैकी कोणत्याही दिवसावर ‘हा महत्त्वाचा’ अशी चिठ्ठी लावलेली नसते. शेवटचा दिवस नवीन काही करीत नाही, मागील एकशे एकसष्ट दिवसांची बेरीज तो मोठ्याने वाचून दाखवतो.

असो. आता ज्याच्यासाठी ही हकीकत सांगितली त्या मुद्द्याकडे येऊ. ओरिओल्स त्या रात्री इतके मन लावून का खेळले?

त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्या मैदानावर बोस्टनचे रसिक मोठ्या संख्येने येऊन आरडाओरडा करीत; त्याचा सल त्यांच्या मनात असणे स्वाभाविक होते. बड्या घरच्या पंगतीत पान उलटे करण्याचा आनंदही त्यात असेल. कोणाला पुढील वर्षीच्या कराराची काळजी असेल. परंतु हेतू कोणताही असो, कृती लखलखीत होती. शेवटच्या दहा दिवसांत या दोन संघांचे सात सामने झाले. त्यांपैकी पाच तळाच्या संघाने जिंकले. दोन गडी बाद असताना, पावसात दीड तास थांबल्यानंतर, मध्यरात्री, आपल्या जागेत तिळमात्र फरक पडणार नाही हे ठाऊक असताना, तीन फलंदाजांनी ओळीने फटके मारले. पहिला जरी आळसाने बाद झाला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता.

त्याच रात्री दुसऱ्या लीगमध्येही असेच एक नाट्य घडत होते. फिलाडेल्फियाच्या संघाने आपले स्थान केव्हाच पक्के केले होते. त्याचा शेवटचा सामना अटलांटाशी होता. अटलांटा हरली तर सेंट लुइसचा संघ पुढे जाणार होता. फिलाडेल्फियाला या सामन्याची गरज नव्हती, तरी तेरा डाव झुंजून त्याने ४-३ असा विजय मिळवला. तो त्या हंगामातील त्याचा १०२ वा विजय. या विजयाने सेंट लुइस आत आले, आणि पहिल्याच फेरीत त्यांनी फिलाडेल्फियालाच बाहेर काढले. पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही सेंट लुइसनेच मिळवले. ज्याने प्रामाणिकपणे खेळून दार उघडले, त्याच्याच घरात पाहुण्याने शिरून ताट ओढून घेतले! इकडे यँकी आणि टॅम्पा बे, दोघेही पहिल्याच फेरीत गारद झाले. राखून ठेवलेल्या बळाचाही उपयोग झाला नाही.

यावरून प्रामाणिकपणाचे फळ गोड असते असा बोध काढावा म्हटले, तर फिलाडेल्फियाचे उदाहरण आडवे येते. तेव्हा तसा बोध न काढणेच बरे. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती बोस्टनच्या रसिकाला सर्वांत कठीण जाणारी आहे. समजा, बाल्टिमोरने त्या रात्री हात आखडता घेतला असता, आपला तर्क खरा ठरला असता आणि बोस्टन जिंकले असते. मग त्या विजयाचे मोल ते काय उरले असते? ८६ वर्षांनंतर २००४ साली जो आनंद बोस्टनला झाला, तो प्रतिस्पर्ध्यांनी जिवाच्या कराराने विरोध केला म्हणूनच झाला. रसिकाचा प्रत्येक आनंद अशा अनोळखी, विरुद्ध बाजूच्या माणसांच्या प्रामाणिकपणावर उभा असतो. ज्याने आपणांस हरवले, त्यानेच आपल्या जुन्या विजयांना किंमत आणून दिलेली असते. हे ऋण मान्य करणे जड जाते, पण ते ऋण आहे खरे.

पुढील वर्षी, २०१२ साली, नियम बदलले आणि प्रत्येक लीगमध्ये वाइल्ड कार्डच्या दोन जागा झाल्या. हा नियम एक वर्ष अगोदर आला असता तर बोस्टन आणि टॅम्पा बे दोघेही आत गेले असते आणि त्या रात्रीच्या पावसाची कोणाला आठवणही राहिली नसती. २०१२ मध्येच आणखी एक चमत्कार झाला. बाल्टिमोरने २०११ साली ६९ सामने जिंकून ९३ गमावले होते. २०१२ साली त्याने ९३ जिंकले आणि ६९ गमावले, आणि चौदा हंगामांची अवकळा संपवून तो अंतिम फेऱ्यांत गेला. आणि बोस्टन? त्याच वर्षी बोस्टनचे बरोबर ६९ विजय आणि ९३ पराभव झाले; बाल्टिमोरची जुनी पाटी जशीच्या तशी त्याच्या गळ्यात आली. त्यापुढील वर्षी, २०१३ मध्ये, बोस्टन पुन्हा अजिंक्य झाले. तळ आणि शिखर यांत अनेकदा एका हिवाळ्याचेच अंतर असते.

वाचकहो, आपल्या घरातही एखाद्या संघावर जीव टाकणारी मुले असतील. आपला संघ हरला म्हणून ती जेवणाच्या पानावर रुसून बसतील, पंचांना, पावसाला आणि तिसऱ्याच गावच्या संघाला दूषणे देतील. त्यांची समजूत घालताना ‘अरे, खेळच तो’ असे म्हणून त्यांचे दुःख हलके करू नका. त्यांच्या दृष्टीने ते हलके नसते. त्यांना त्या संपूर्ण हंगामाचा तक्ता काढावयास सांगा. कोणते सामने सहज जिंकता आले असते आणि गेले, ते त्यांनाच शोधू द्या. आणि मग तक्त्याच्या अगदी तळाशी ज्याचे नाव आहे, त्या संघाने शेवटच्या आठवड्यात कोणाकोणाला झुंजवले, तेही त्यांना पाहू द्या. वर्तमानपत्रांत त्या संघाचे छायाचित्र क्वचितच येते. पण स्पर्धेची अब्रू बहुधा त्याच्याच हाती असते, आणि २८ सप्टेंबर २०११ च्या रात्री बाल्टिमोरमध्ये ती सुरक्षित हाती होती.